वाळूची बादली घेऊन येणारे गुरुजी

देवाने सगळ्या माणसांत वाटायला आणलेली भीती आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुरुजींनी एकट्यानेच घरी नेली असावी. लिफ्टमध्ये शिरताना ते पाण्याची बाटली आणि शिट्टी बरोबर घेतात. काशीमीऱ्याचा हायवे ओलांडायला चक्क रिक्षा करतात आणि रिक्षावाल्याला बजावतात, "भैया, आराम से. मुहूर्त चुकेगा तो चलेगा, पर पहुंचने का है." अशा माणसाने लग्नं लावायचा उद्योग का पत्करला, हे मीरा रोडमध्ये कुणालाच कळलेलं नाही. होम पेटवताना त्यांच्या उजव्या हाताला समिधा आणि डाव्या हाताला वाळूची बादली. "वहिनी, अग्नीला साक्षी ठेवायचं, पण नजरेआड होऊ द्यायचं नाही," हे त्यांचं शास्त्र.

तरी हल्लीच्या पोरांना तेच हवे असतात, कारण ते नवरा-नवरीला समोर बसवून, विचारून विचारून, त्या दोघांपुरता विधी लिहून देतात. माझी मुग्धा आणि होणारे जावई असेच आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्यापुढे बसले होते. "एकमेकांची कसली भीती वाटते?" हा पहिलाच प्रश्न. जावई प्रामाणिकपणे म्हणाले, "हिला भूक लागली की." गुरुजींनी समजून मान डोलावली आणि सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला वचन लिहिलं, की उपाशीपोटी दोघंही वाद उकरून काढणार नाहीत. मी हसत चहा ओतत होते. तेवढ्यात मुग्धा म्हणाली, "कन्यादान नकोय मला. माझा हात त्याच्या हातात आई देईल." अर्धा चहा बशीत गेला.

मुग्धाचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. कन्यादान रत्नागिरीचे माझे मोठे दीर आणि जाऊबाई करणार, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. विधवेने मांडवात पुढे यायचं म्हणजे लोक काय म्हणतील, ही भीती होतीच. पण खरं सांगते, लोकांपेक्षा मला माझीच भीती वाटत होती. एवढी शिकले, नोकरी केली, उपासतापास हसण्यावारी नेले, तरी उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर ते मी विधवेने तिचा हात दिला म्हणून, असं मन म्हणायचं. झोप उडाली. लग्नाच्या आदल्या दिवशी वर जाऊन गुरुजींना म्हटलं, "माझं नाव काढा." ते माझ्याहून पांढरे पडले. "मलाही धाकधूक आहे हो. तुमचे दीर केवढे उंच आहेत!" असं म्हणाले, पण कागदाला पेन काही लावलं नाही.

हॉलमध्ये त्यांनी मला पुढे बोलावलं आणि दीर उठलेच. "गुरुजी, हे काय चाललंय? तिथे आम्ही दोघं बसणार." गुरुजींच्या हातातला कागद इतका थरथरत होता की माईकमधून त्याची फडफड ऐकू येत होती. मला वाटलं, आता हे पळणार. आणि मनातून वाटलं, पळा एकदाचे. "तुम्ही दोघं अक्षता टाका," ते कसेबसे म्हणाले. "पोरीने आईला बोलावलंय. मी आईलाच बसवणार." मग डोळे घट्ट मिटून त्यांनी मला पुन्हा हाक मारली. मी गेले. दिरांना शेवटी जाऊबाईंनीच शर्ट ओढून खाली बसवलं. मुग्धाचा हात मी पुढे केला तेव्हा घाम तिच्या तळव्याला होता की माझ्या, ते कळलं नाही.

पाहुणे पांगल्यावर गुरुजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर न जेवताच बसलेले दिसले. मी विचारलं, "एवढं धाडस आणलंत कुठून?"

"धाडस कसलं, पाय अजून लटपटतायत." मग म्हणाले, "माझ्या मुंजीत, मातृभोजनाला मुलगा आईबरोबर जेवतो ना, तिथे काकूला बसवलं होतं. बाबा नव्हते. आई आत भाताचं पातेलं घेऊन उभी होती, दारातून माझ्याकडे बघत होती. एक हाक मारायची होती, वहिनी. घाबरलो."

मी आत जाऊन दोन ताटं वाढून आणली, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर जेवायला बसले.