लहान होडीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही... आजही नाही. बालवाडीत शिकवायचे तेव्हा घाबरट पोरांना मीच दटावायचे. तरी हे लिहितेय.

८५-८६ चा हिवाळा. मुंबईत चारकोपला सेक्टरमधलं आमचं नवं घर, आजूबाजूचे प्लॉट अजून रिकामेच. घरात मी आणि मामंजी – मूळचे मालवणचे, गिरणीतून रिटायर झालेले. माझे मिस्टर परदेशी जहाजावर खलाशी. पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात, देवमासे मारणाऱ्या ताफ्यात. दिवसदिवस बोलायला कोणी नसायचं, जीव अगदी नकोसा व्हायचा.

एकदा ह्यांचं पत्र आलं. काही गोरी माणसं रबरी होडी घेऊन जहाज आणि देवमाशाच्या मध्ये येतात, मारू देत नाहीत, रोजचा तंटा. मी वाचून दाखवलं तसे मामंजी नारळ घेऊन देवापुढे बसले. आमच्यात संकटात गाऱ्हाणं घालतात – वडीलधारा देवाला साकडं घालतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे बाकीचे म्हणजे मी एकटी.

"बा देवा म्हाराजा, त्या ल्हान व्हडयेतल्या लेकरांका सुखरूप ठेव रे म्हाराजा..."

"अहो मामंजी, हे मोठ्या जहाजावर आहेत."

"गप गो. गरिबाचो झील ल्हान व्हडयेतच आसतलो."

गरिबाचा मुलगा लहान होडीतच असणार, असं मामंजी बोलले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी मुकाट्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

...आणि माझ्या मागून आणखी काही जण तेच म्हणाले. पुरुषांचे आवाज. जीभ अडखळत होती, जन्मात पहिल्यांदाच हे शब्द उच्चारत असल्यासारखी. मामंजींनीही वळून पाहिलं. भर दुपार, दाराला आतून कडी, रेडिओ बंद.

पुढे ह्यांच्या जहाजावरचा एक जण वाकोल्याहून घरी आला. म्हणाला, "वहिनी, देवमाशावर सोडलेल्या भाल्याचा तारेचा दोर तुटला. त्या रबरी होडीवरूनच गेला, पण ते सगळे एकदम खाली वाकले. खरचटलंसुद्धा नाही कुणाला. तोच दोर मग आमच्या डेकवर आला..." एवढं बोलून त्याने ह्यांची ट्रंक आत आणून ठेवली. मी समजले.

मामंजींनी पुन्हा कधी गाऱ्हाणं घातलं नाही.

दोर तुटतो, माणसं वाकतात – हे मला कळतं. पण आमच्या खोलीत कोण बोललं? ते आवाज मी अजून मनात ऐकते, एकेक वेगळा करून पाहते. ह्यांचा आवाज त्यांत नव्हता.