वास येता काय?

दुसऱ्या लाटेत आमच्या वाडीत सुरंगी अशी फुलली की जणू झाडांना कोणी टाळेबंदीची बातमी दिलीच नव्हती. बाजार बंद, देऊळ बंद, लग्नं पंचवीस माणसांत. वळेसार घेणार कोण? सुरंगीचा गजरा म्हणजे आमच्याकडे वळेसार. पहिले काही दिवस सवयीने आम्ही गुंफत राहिलो. त्या वर्षी आमच्या म्हशीने आयुष्यात पहिल्यांदा वळेसार घातला आणि दुपारपर्यंत खाऊनही टाकला.

मग कोणीतरी म्हणालं, कळ्या वाळवून ठेवा, अत्तरवाले कधीतरी घेतीलच. झालं. खळ्यात, पडवीत, माजघरात, दिसेल त्या चटईवर सुरंगी. खाटेवरसुद्धा सुरंगी, आणि आम्ही जमिनीवर.

त्याच सुमारास वाडीतल्या ग्रामपंचायत सदस्याला मोबाइलवर कळलं की या रोगात नाकाला वास येत नाही. तो कणकवलीहून नुकताच आला होता आणि वाडी वाचवायची त्याला भारी घाई. यंत्रबिंत कशाला हवं, आपल्याकडे सुरंगी आहे, असं म्हणून हातात एक फूल घेऊन तो घरोघर निघाला. आमच्या अंगणात आला तेव्हा सासूबाई कळ्या पसरत होत्या.

"काकी, वास येता काय?"

"कसलो?"

"ह्या फुलाचो."

त्यांनी फूल नाकाशी धरलं, उलटसुलट पाहिलं. "नाय बा. पण फूल बरा आसा."

मीही हुंगलं. मलाही नाही. शेजारणींना नाही, त्यांच्या नवऱ्यांना नाही. त्याने स्वतः मात्र छातीभर श्वास घेतला आणि म्हणाला, "काय घमघमता गो!" वाडीत एकटा तोच निरोगी ठरला.

वास न येणाऱ्यांना शाळेत विलगीकरणात ठेवायचं होतं, पण तिथे जागा थोडी, म्हणून आधी म्हाताऱ्यांना न्यायचं ठरलं. सासूबाईंना ताप नाही, खोकला नाही, पण नाकाने साक्ष दिली होती. मी त्यांचं बोचकं दोनदा सोडून पुन्हा बांधलं. शाळेतून पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतात आणि तिथून माणूस परत येत नाही, असं तेव्हा सगळेच बोलत होते. मला त्या हव्या होत्या. दोन घास रांधायला त्यांच्याच हाताखाली शिकलेली मी, आणि भांडायला घरात दुसरं होतं तरी कोण?

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "कळ्ये परतत रव."

शाळेत नमुने घेतले, पण निकाल यायला बरेच दिवस लागले. तोवर सदस्य तापाने फणफणला. तपासणीत वाडीतला एकमेव रोगी तोच निघाला. त्याला वास शेवटपर्यंत येत होता. घरातच पडून तो बरा झाला, हे देवाचे उपकार, नाहीतर आम्ही हसायचं कसं?

सासूबाईंचा निकाल आला: काही नाही. तरी मुदत पुरी केल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियम. त्या घरी आल्या तेव्हा हंगाम सरत आला होता. मी खळ्यात शेवटच्या कळ्या परतत होते. त्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकातच थांबल्या. मला वाटलं, चक्कर आली. मी धावले.

"गो, ह्यो वास कसलो?"

"सुरंगीचो, आई."

"इतको येता?"

त्या बोचक्यासकट तिथेच दगडी गडग्यावर बसल्या. आमच्या नाकांना रोजच्या वासाची सवय झाली होती, रोगबिग काही नव्हता, हे मला तेव्हा उमजलं. शाळेत फुलं नव्हती, तेवढ्या दिवसांत त्यांचं नाक मोकळं झालं होतं.

मग त्या म्हणाल्या, "लोकां वळेसार कित्याक घेतत, ता माका आज कळला."

लग्न होऊन आल्यापासून त्या गुंफत होत्या. मी घाईघाईने एक वळेसार गुंफला आणि त्यांच्या अंबाड्यात माळला. त्या नको म्हणाल्या नाहीत. मग पदर खोचून कळ्या परतायला बसल्या.

संध्याकाळी चहा देताना मी विचारलं, "आई, येता वास?"

त्यांनी अंबाड्याला हात लावून वळेसार आहे ना ते पाहिलं.

"आता खंय येता? घराक इलंय मां."