दादाने बदललेला शेवट

ऋताचा फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या एगैलाच्या मॉलमध्ये कांदे निवडत होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच... मी शेजारीच होते." मला रडू आलं आणि मनातून बरंही वाटलं. वर्षभरापूर्वी ती शेजारी नसती.

ऋताचे बाबा म्हणजे अरुणदादा, माझा चुलतभाऊ, मूळचा नाशिकचा, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. मला इकडे त्यानेच आणलं. त्याच्या हातून आयुष्यात एवढीच चूक झाली, असं वहिनी म्हणते. शुक्रवारी जेवणं झाली की तो आम्हाला एक जुना मूकपट दाखवायचा. प्रेमापायी घर सोडून गेलेली मुलगी, तिची फसगत, पश्चात्ताप आणि परतीची वाट. मधल्या पाट्या इंग्रजीत, पण दादाच्या तोंडून ती माणसं अस्सल नाशिककर होत. घोड्यांच्या टापा माझ्याकडे, दोन वाट्या आपटून. वीस वर्षांत त्या टापांवरून बढती मिळाली नाही. मुलगी दारात पोचली की दादा बापाच्या आवाजात तिला घरात घ्यायचा आणि सिनेमा तिथेच बंद करायचा.

त्याची स्वतःची ऋता मात्र मनासारखं लग्न करून, भांडून टोरांटोला गेलेली. दोन वर्षं बापलेकीत अबोला.

एका शुक्रवारी माझ्या दहा वर्षांच्या ईराने रिमोट पळवला. सिनेमा पुढे सरकला, पाटी आली. "दादाकाका, इट सेज हर फादर इज डेड."

दादाने चष्मा पुसला. "ठाऊक आहे गं. पण पोर दारात उभी आहे. तिला काय पाटी दाखवायची?"

"देन कॉल ऋताताई ना."

आम्ही सगळे छताकडे बघू लागलो. दादा फोन घेऊन बाल्कनीत गेला. काचेतून दिसत होतं, मुक्यांना तोंडभर शब्द पुरवणाऱ्या माणसाला स्वतःला एक सुचत नव्हता. ऋता नंतर सांगायची, "बाबा नुसते खाकरले. मी तिकीट काढलं."

ती आली, पुन्हा पुन्हा येत राहिली. शेवटचे तीन महिने तर इथेच होती.

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. गेल्या शुक्रवारी ऋताने तो सिनेमा लावला आणि दादाच्या खुर्चीत बसली. मुलगी दारात आली. ईरा माझ्याकडे बघू लागली, मी वाट्यांकडे... ऋताने पाटी यायच्या आत सिनेमा थांबवला. पडद्यावरच्या मुलीकडे बघत, अगदी दादाच्या खर्जात म्हणाली, "रडतेस काय? चल, वरण गार होतंय."