ट्रूब्लडचं डावं इंजिन

चूक माझीच होती, आणि ती मी स्वच्छ अक्षरात लिहूनही ठेवली होती. विमानाच्या वहीत लेफ्टनंट ट्रूब्लडची तक्रार होती, 'उडताना डावं इंजिन खोकतं.' त्याखाली मी, त्या विमानाच्या मेकॅनिकने, लिहिलं, 'चालवून पाहिलं. दोष नाही.' खरं तर पूर्ण जोर देऊन पाहायला हवं होतं. पण न्यू गिनी बेटावरच्या आमच्या युद्धतळाच्या उन्हात इंजिन जमिनीवर लगेच तापतं, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

अन्सेल ट्रूब्लड अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका न्हाव्याचा मुलगा. वय बावीस. तळावर निम्म्या लोकांचे केस तोच कापायचा. हात इतका हलका, की मानेवरून वस्तरा फिरला तरी झोप लागावी. पिकेट मेला आणि ट्रूब्लडने वस्तरा ठेवून दिला. पिकेट त्याच्याच तंबूतला वैमानिक. उड्डाण घेतानाच त्याच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, दुसरं पूर्ण जोरात होतं, आणि त्या जोरानेच विमान उलटं झालं. दोन इंजिनं आहेत म्हणून वैमानिकांच्या आया घरी निर्धास्त असायच्या. जमीन सोडताना एक गेलं तर उरलेलंच जीव घेतं, हे त्यांना कोणी कळवत नसे.

तेव्हापासून ट्रूब्लडला इंजिनात रोज काहीतरी ऐकू यायचं. मेजरने बजावलं होतं, "आणखी एक खोटी तक्रार, की विमान काढून घेईन. कोठारात बसून डबे मोज." म्हणजे माझ्या 'दोष नाही'ने त्याला भित्रा ठरवून टाकलं होतं.

सकाळी तो वही घेऊन आला. "मर्ल, दोष नाही म्हणतोस?"

"नाही साहेब."

"मग मागे बस."

विमान एकाच माणसाचं, पण वैमानिकाच्या पाठीमागची रेडिओची पेटी काढली की तिथे एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन मावतो. 'दोष नाही'वर सही करणाऱ्याने तिथे बसायचं, ही आमची रीत. आजवर मी इतरांना बसताना पाहून हसलो होतो.

"बूट ठेवून जा रे," दुसरा मेकॅनिक टिब्स म्हणाला. "माझ्याच मापाचे आहेत."

डोक्यावरचं काचेचं छत बंद झालं. माझी मान वाकलेली, तोंड ट्रूब्लडच्या कॉलरपाशी. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. माझा त्याला दिसत नव्हता, एवढंच बरं. विमान सुटलं. चाकं उचलली, समोर नारळाची झाडं, आणि डावं इंजिन खोकलं. एकदा. दोनदा. मग गप्प.

झाडं तिरकी झाली. डावा पंख खाली चालला. ट्रूब्लडचा हात जोर वाढवायच्या दांड्यावर होता. झाडं एवढी जवळ आल्यावर कोणीही तो दांडा पुढेच ढकलेल. पिकेटनेही तेच केलं असणार. ट्रूब्लडचा हात इंचभर पुढे गेला. थांबला. मग त्याने दांडा मागे ओढला.

चांगल्या इंजिनाचा जोर कमी केला, झाडांच्या तोंडावर. मी डोळे मिटले. पोटात जे काही होतं ते वर आलं. विमान जड झालं, पण सरळ झालं. मग जोर हळूहळू वाढत गेला. खाली शेंडे खसखसले, का मला तसं वाटलं, देव जाणे.

एका इंजिनावर लांबून वळसा घेऊन आम्ही उतरलो. ट्रूब्लडने चालू इंजिन बंद केलं.

"मर्ल," तो न वळता म्हणाला, "माझ्या पाठीवरून काय ओघळतंय?"

"सकाळची अंडी, साहेब."

"शर्ट तूच धुणार."

"धुतो, साहेब."

वही मी स्वतः मेजरकडे नेली. आधीची ओळ खोडून लिहिलं होतं, 'दोष होता. मी नीट पाहिलं नव्हतं.' मेजरने माझ्या बाहीवरचे हुद्द्याचे पट्टे काढून घेतले, आणि विमान ट्रूब्लडकडेच राहिलं. त्याच आठवड्यात त्याची तुकडी दुसऱ्या बेटावर गेली. शर्ट माझ्याकडे आहे. अजून धुतलेला नाही.