चार भेटींचा खर्च

त्या बाईंचं घर शोधायला मला पाऊण तास लागला. कागदोपत्री मात्र मी त्याआधी चार वेळा तिथे जाऊन आलो होतो.

तेव्हा मी नाशिकमध्ये एका कर्ज कंपनीच्या शाखेत वसुलीचं काम करायचो. फ्रिज, मोबाइल, शिलाई मशीन अशा वस्तूंसाठी आम्ही छोटी कर्जं द्यायचो. हप्ता चुकला की ग्राहकाच्या घरी जायचं आणि त्या फेरीचे साडेतीनशे रुपये 'भेट शुल्क' म्हणून त्याच्या खात्यावर लावायचे, असा नियम होता. मी जायचो नाही. फोन करायचो, हप्ता भरा म्हणायचो आणि संगणकात 'भेट झाली' अशी नोंद करायचो. शुल्क आपोआप लागायचं. सगळेच असं करायचे. हे वाक्य मी पुढे स्वतःला फार वेळा ऐकवलं आहे.

मग कर्ज कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातून तपासणी आली. आलेल्या मॅडम आमचा चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. साडेतीनशे रुपये कसे ठरवले याचा तक्ता त्यांनी मागितला. तो मीच तयार केला. पेट्रोल, जाण्यायेण्याचा वेळ, गाडीची झीज. बेरीज कमी भरली तेव्हा वेळ वाढवला.

मॅडमनी तक्ता दोनदा वाचला. म्हणाल्या, "रक्कम मोठी की लहान हे मी आधी बघत नाही. पैसे कोणत्या कामाचे, त्याला खरंच एवढा खर्च येतो का, कर्ज देताना ग्राहकाला सांगितलं होतं का, हे बघते. आणि ते काम झालं का, हे सगळ्यात शेवटी. बरेच जण तिथेच अडकतात."

नमुन्यादाखल त्यांनी पाच खाती निवडली आणि ग्राहकाची सही असलेल्या भेटीच्या पावत्या मागितल्या. त्यातलं एक खातं माझ्याकडचं होतं, त्या बाईंचं.

शाखाप्रमुखांनी कोऱ्या पावत्या माझ्या हातात दिल्या. "जुन्या तारखा टाक आणि सह्या घेऊन ये. चार कागद आहेत, चार धाम नाहीत."

नाशिकच्याच द्वारका चौकामागच्या गल्ल्यांत मी फिरत राहिलो. शेवटी त्या बाईंनाच फोन केला.

"हिशेबात तर चार वेळा येऊन गेलात ना भाई?" त्या फोनवर हसल्या. "मग रस्ता कसा विसरलात?"

त्या पिको-फॉलचं काम करायच्या. मशीन आमच्याच कर्जावर घेतलेलं. खोलीभर साड्यांचे गठ्ठे होते. एक गठ्ठा खाली ठेवून त्यांनी मला खुर्ची मोकळी करून दिली, चहा टाकला. मी पावत्या पुढे केल्या. त्यांनी एकेक तारीख वाचली.

"या दिवशी तर मी माहेरी होते, मालेगावला. नाही केली सही तर?"

"माझी नोकरी जाईल," मी म्हणालो.

ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण तसं म्हटलं की त्या सही करतील, एवढं मला त्या क्षणी नक्की कळलं होतं. त्यांनी चारही पावत्यांवर सह्या केल्या. चहात साखर जास्त होती. मी तो संपवून आलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पावत्या पाहिल्या आणि मान वर करून विचारलं, "प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः गेला होतात?"

"हो, मॅडम."

त्यांनी शेरा लिहिला. शुल्क वाजवी ठरलं. माझा तक्ता नंतर आमच्या इतर शाखांनाही पाठवण्यात आला, नमुना म्हणून.

पुढे मी ती नोकरी सोडली. आता दिंडोरीला एका द्राक्ष बागायतदारांच्या कार्यालयात असतो. मागच्या महिन्यात बायकोची साडी फॉलला द्यायची होती. ते निमित्त करून मी त्या बाईंकडे गेलो. या वेळी रस्ता विचारावा लागला नाही. पिशवीत साडीबरोबर त्या देखरेख कार्यालयाला पाठवायचा एक तक्रार अर्जही होता, त्यांच्या नावाने मी लिहिलेला. त्यांचे चौदाशे रुपये परत मिळावेत म्हणून.

त्यांनी तो सावकाश वाचला. "भाई, पावत्यांवर सही माझीच आहे ना? मग यात खोटी कोण ठरणार?"

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. माझी नोकरी वाचवताना मी त्यांचं तोंड बंद करून आलो होतो.

"तुमच्या नावाने लिहा की," त्या म्हणाल्या आणि साडीचा काठ तपासू लागल्या.

ते पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. लिहिलं, तेव्हा महत्त्वाचं वाक्य अगदी छोटं निघालं: 'त्या चारही दिवशी मी शाखेतच बसलो होतो.' साडी आणायला गेलो तेव्हा ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दया येऊन सही केली, असं मी लिहिलं होतं. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"दया-बिया काढा. खोटं सांगून सही घेतली, असं लिहा."

मी तसं लिहिलं. साडीचे पैसे दिले आणि येताना पत्र पोस्टात टाकलं.