न बिघडलेला स्पीकर

मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेत सेमी इंग्रजी सुरू झालं, तेव्हा दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. माझं सगळं शिक्षण हातकणंगल्याला, मराठीतून झालेलं. विज्ञान शिकवायची भीती नव्हती, इंग्रजीची होती. इंटरनेटवरचे लहान मुलांचे विज्ञानाचे व्हिडिओ वर्गातल्या टीव्हीवर लावायचे, मुलं ऐकून ऐकून शिकतील, असं ठरलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी प्रकाशाचा व्हिडिओ होता. एक परदेशी बाई हातात टॉर्च घेऊन तो एकेका वस्तूमागे धरत होती. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, ट्रान्सलुसंट म्हंजे काय ओ?"

मला माहीत नव्हतं. ट्रान्सपरंट ठाऊक होतं, त्यातलाच शब्द असेल म्हणून मी ठोकून दिलं, "पारदर्शक. ज्यातून आरपार दिसतं ते."

तेवढ्यात टीव्हीवरच्या बाईनं तेलकट कागद पुढे धरला. उजेड आला, पण मागचं चित्र नुसतं धुरकट.

"ह्यातनं कुठं आरपार दिसतंय, बाई?"

"मध्येमध्ये बोलायचं नाही. हात खाली."

तिनं हात खाली घेतला.

घरी जाऊन शोधलं. अर्धपारदर्शक. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. मी मात्र मुलं यायच्या आधी टीव्हीला जोडलेल्या स्पीकरची वायर काढली, गुंडाळून तिला रबरबँड लावला आणि वर्गात सांगितलं, "स्पीकर बिघडलाय." पुढचे कितीतरी दिवस चित्रं मुकी चालायची आणि पाठ करून आणलेले चार इंग्रजी शब्द घालून मीच मराठीत बोलायची. कुणी शंका घेतली नाही. मला तर हायसंच वाटत होतं.

एके दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. त्यांचा लग्नकार्यात स्पीकर लावायचा धंदा. "पोरगी म्हणली, शाळंचा स्पीकर बिघडलाय. म्हटलं, बघून जावं." मोठ्या बाई खूश होऊन त्यांना थेट माझ्या वर्गात घेऊन आल्या.

ते टीव्हीमागे वाकले. त्यांच्या हाताला ती गुंडाळलेली वायर लागली. त्यांनी रबरबँड काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघत राहिले.

"काय झालं होतं हो?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आतनं वायर सुटलीती. जोडली. आता काय काळजी न्हाय."

अवजारांची पिशवी त्यांनी उघडलीसुद्धा नव्हती. टीव्हीवरच्या बाईचा आवाज वर्गभर घुमला, मुलांनी टाळ्या पिटल्या.

जाताना दाराशी ते हळूच म्हणाले, "बाई, मलाबी त्यातलं काय कळत न्हाय. पोरगी घरी इचारती. मी म्हणतो, बाईंस्नी इचार, त्यास्नी सगळं ठावं असतंय."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी "हो हो" म्हटलं. आभारही मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तो शब्द फळ्यावर लिहिला. मुलांना म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं. मला येत नव्हतं. हिचा प्रश्न बरोबर होता." मग स्वयंपाकघरातून आणलेला बटर पेपर सगळ्यांना डोळ्यांसमोर धरायला लावला. तिनं कागदामागून हळूच म्हटलं, "मला वाटलं, मीच चुकली."

स्पीकर बिघडलाच नव्हता, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. व्हिडिओ आता आवाजासकट चालतात. अडलं की थांबवते, मुलांबरोबर शब्द शोधते. ती मुलगीही पुन्हा विचारायला लागली. फक्त हात वर करायच्या आधी ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघते, आणि त्या क्षणी मला कुठं बघावं ते कळत नाही.