‘मले’वर लाल फुली

माझी आई अकोटहून एसटीनं एकटी आली, खिडकीच्या जागेसाठी एका माणसाशी भांडून, ती जागा मिळवून आली. आणि त्याच दुपारी अमरावतीच्या एका दवाखान्यातल्या टॅबनं तिला विसरभोळी ठरवलं. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तपासणीचा हट्ट पुण्याच्या भावाचा. फोनवर आईनं एकदा त्याला नातवाच्या नावानं हाक मारली, एवढंच निमित्त. रिपोर्ट वाईट आला तर अकोटच्या घराला कुलूप आणि आई कायमची पुण्याला, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला पुणं नको असतं. म्हणते, "तिथं भांडाले बी कोनी नाई."

टॅबमधली बाई एक वाक्य बोलणार, आईनं ते पुन्हा म्हणायचं, चूक की बरोबर ते यंत्र ठरवणार. नवीन एआय आहे म्हणे, डॉक्टरांचा वेळ वाचतो.

बाई गोड आवाजात म्हणाली, "शेजारच्या मुलीने मला विचारले, तुम्ही का हसत आहात?"

आई लगेच म्हणाली, "शेजारच्या पोरीनं मले इचारलं, तुमी काहून हासून राहिल्या?"

लाल फुली.

"आम्ही बाजारातून वांगी आणली."

"आमी बजारातून वांगे आनले."

पुन्हा फुली. अर्थाचा कणही सांडला नव्हता! टॅब धरून बसलेली मुलगी इथलीच, ओशाळून म्हणाली, "मले तं समजून राहिलं ना ताई, पन मशीन घेऊन नाई राहिली."

डॉक्टरांशी मी वाद घातला. ते म्हणाले, "यंत्र हजारो लोकांच्या आवाजावर शिकलंय."

"त्यात वऱ्हाडातला एक तरी होता का?"

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आम्ही निघताना महिन्यानं पुन्हा तपासू म्हणाले. रिपोर्टवर छापून आलं होतं, स्मरणशक्तीत घट. नाचता येईना अंगण वाकडं! ऐकता येईना यंत्राला, आणि दोष माझ्या आईच्या डोक्याचा. भावानं तो रिपोर्ट फोनवर पाहिला आणि लिहिलं, पुढची तपासणी शेवटची.

शाळेनं माझं ‘मले’ सोडवलं, ते मी निमूट सोसलं. म्हणून तर आज हे असं शुद्ध लिहिते आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आता कुणासाठी जीभ वळवायची? आणि का?

महिनाभर आई माझ्याकडेच राहिली. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाली, "मला पाणी दे."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"मला," ती पुन्हा म्हणाली. "तू का बघत आहेस?"

उभ्या जन्मात आई माझ्याशी असं परक्यासारखं बोलली नव्हती. माझं तोंड न्याहाळत ती थांबली, टॅबच्या काचेकडे बघत थांबली होती तशीच. मला भयंकर संताप आला.

"बरोबर आलं ना व?" तिनं हळूच विचारलं. "आता मले घरी जाऊ देतीन ना?"